दहा कसोटी सामने आणि एक माईक

मागच्या भागात आपण गटाच्या हिशेबवहीवर बोललो. आज एकदम वेगळं, खेळाबद्दल बोलायचंय. त्याला कारण घडलं म्हणून.

शेजारच्या गावात कबड्डीचे सामने होते. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी, यंदा बारावी झालेली, संयोजकांना विचारायला गेली की, थोडा वेळ मी समालोचन करू का? चढाई, बोनस, सुपर टॅकल, सगळे नियम तिला पाठ. दोन्ही संघांतल्या मुलांची नावंही ठाऊक. तिला उत्तर मिळालं, पाहुण्यांना ओवाळायला ये. ती गेली, ओवाळलं, आणि घरी येऊन जेवली नाही. रात्री आम्ही चौघीजणी तिच्याकडे गेलो तर ती मोबाईलवर आकाश चोप्राचा व्हिडिओ बघत बसलेली. म्हणाली, "मावशी, ह्याला कुणी दिला असेल माईक?"

प्रश्न साधा होता, पण आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही शोधाशोध केली, ती तुमच्यापुढे मांडतो.

आपल्याकडे रेडिओवर क्रिकेटचं वर्णन सुरू झालं ते मुंबईत, १९३४ साली. बोलणारे होते ए. एफ. एस. तल्यारखान, लोक त्यांना बॉबी म्हणत. मैदानावर दिवसभर ते एकटेच बोलत. आवाज भारदस्त, इंग्रजी झोकदार, आणि शेजारी दुसरा कुणी बोलायला बसलेला त्यांना चालत नसे. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच माईक वाटून घ्यायचा प्रश्न आहे बघा!

पुढे हिंदी आली. जसदेव सिंग, इंदूरचे सुशील दोशी ही नावं घरोघर झाली. मराठीत बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून धावतं समालोचन केलं आणि मैदानावरचा खेळ आपल्या बोलीत स्वयंपाकघरापर्यंत आला. आमच्या आया सांगतात, घरात एकच रेडिओ, तो फळीवर. पुरुष त्याच्याभोवती. बायका आतून विचारायच्या, "किती झाल्या?" उत्तर मिळालं तर मिळालं.

पण त्याच इंदूरमध्ये १९७७ साली एक बाई माईकपुढे बसल्या. चंद्रा नायडू. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांची ही मुलगी, पेशाने इंग्रजीच्या प्राध्यापिका. मुंबई आणि एमसीसी यांच्या सामन्याचं त्यांनी इंग्रजीतून वर्णन केलं. भारतातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वडिलांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा आमच्यातल्या कितीजणींनी त्यांचं नाव ऐकलं होतं? एकीनेही नाही. मुलगी मोठ्या खेळाडूची, शिक्षण मोठं, भाषा इंग्रजी, एवढं सगळं असताना दार उघडलं. आणि त्यांच्या मागोमाग बायकांची रांग काही लागली नाही.

आता आकाश चोप्राकडे येऊ. जन्म आग्र्याचा, १९७७ चा. म्हणजे चंद्राताई माईकपुढे बसल्या त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग. दिल्लीकडून खेळायचा. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला. त्याचं काम सेहवागबरोबर सलामीला जायचं. एक बाजू सेहवागने फोडायची, दुसरी ह्याने धरून ठेवायची. आपल्या घरातही असे दोन प्रकार असतातच, आणि नाव कुणाचं होतं तेही आपल्याला माहीत आहे. मेलबर्नला दोघांनी १४१ धावांची सलामी दिली, सिडनीला १२३ ची. मग २००४ मध्ये पाकिस्तानात, मुलतानला १६० ची. त्या डावात सेहवागने ३०९ केल्या, आकाशने ४२. लोकांच्या लक्षात ३०९ राहिल्या. शिवाय तो शॉर्ट लेगला उभा राहायचा, म्हणजे फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, चेंडू अंगावर येतो अशा जागी. तिथे उभं राहायला कुणी आपणहून पुढे येत नाही.

त्याची शेवटची कसोटी आपल्या नागपूरला झाली, ऑक्टोबर २००४ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. भारत वाईट हरला आणि आकाश संघाबाहेर गेला. पदार्पणापासून जेमतेम एक वर्ष. एकूण १० कसोट्या, ४३७ धावा, दोन अर्धशतकं, शतक एकही नाही. एकदिवसीय सामना तर भारताकडून एकही नाही. वय तेव्हा २७.

इथून पुढचा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. तो रणजी खेळत राहिला. २००७-०८ मध्ये दिल्लीने रणजी करंडक जिंकला, त्या संघात तो होता. आणि त्या हंगामावर त्याने पुस्तक लिहिलं, 'बियाँड द ब्लूज', ते २००९ मध्ये आलं. टीव्हीवर न दिसणाऱ्या खेळाडूचं आयुष्य त्यात आहे. रिकामी मैदानं, प्रवास, आणि संघात परत बोलावतील की नाही ही धाकधूक. पुढे तो राजस्थानकडून खेळायला गेला. तिथे कर्णधार होता आपल्या पुण्याचा हृषीकेश कानिटकर. २०१०-११ मध्ये राजस्थानचा संघ खालच्या, प्लेट गटातला. कुणी विचारतही नव्हतं. त्या संघाने पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. त्यावरही आकाशने पुस्तक लिहिलं. जोडीला क्रिकइन्फोवर लेख चालूच होते.

म्हणजे माईक हातात येण्याआधी हा माणूस काही वर्षं लिहीत होता. जे पाहिलं ते दुसऱ्याला समजेल असं सांगायची सवय त्याने तेव्हाच लावून घेतली. आम्हाला वाटतं, त्याच्या चढाईची पहिली पायरी ती. टीव्हीचं हिंदी समालोचन त्यानंतरचं. तिथे तो यमकं जुळवतो, कोट्या करतो. काहींना ते फार होतं. आमच्यातही त्यावरून दोन तट आहेत!

आणि मग आला त्याचा यूट्यूब चॅनल. कार्यक्रमाचं नाव 'आकाशवाणी'. स्वतःच्या नावावर कोटी, आणि आपल्या जुन्या रेडिओचीही आठवण. ह्यात एक गंमत आहे. सामन्याची चित्रं दाखवायचा हक्क ज्या वाहिनीने पैसे मोजलेत तिचाच असतो. दुसऱ्याने ती उचलून लावली तर व्हिडिओ काढून टाकला जातो. म्हणून असा माणूस काय करतो? कॅमेऱ्यापुढे बसतो आणि बोलतो. आकडे सांगतो, कोण का हरलं ते उलगडतो. डोळे मिटून ऐकलं तरी चालतं. आमच्यातल्या कितीतरीजणी भाकऱ्या थापताना फोन फळीवर ठेवून ऐकतात. नाव व्हिडिओचं, पण हा रेडिओच झाला की!

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि हे ऐकणं गावोगाव पोचलं. २०२० मध्ये करोनाने आयपीएल पुढे ढकललं, मैदानं बंद पडली. सामनेच नाहीत तर बोलणार कशावर? ह्याने जुन्या खेळाडूंचे सर्वकालीन संघ निवडायला घेतले आणि बोलत राहिला. स्पर्धा सप्टेंबरमध्ये दुबई-अबुधाबीकडे सुरू झाली तेव्हा ऐकणारे जागेवरच होते. ज्याला स्वतःला शतक काढता आलं नाही तो दुसऱ्यांना काय शिकवणार, हा टोमणा त्याला आजही मारतात. तो पुन्हा बोलायला बसतो.

आता खरं सांगायचं तर तो मोकळ्या हाताने आलेला नव्हता. दहा कसोट्यांची ओळख होती, टीव्हीने चेहरा घरोघर नेला होता. यूट्यूबचं दार सगळ्यांना उघडं असतं म्हणतात, पण उंबरा आहेच. जाहिरातीचे पैसे मिळायला १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास पाहणं लागतं. आम्हाला हिशेबाची सवय, म्हणून करून पाहिलं: दहा मिनिटांचा व्हिडिओ असेल तर तो २४,००० वेळा पूर्ण बघितला गेला पाहिजे. त्यानंतर जाहिरातीतले ५५ टक्के आपले. आणि मुलगी बोलायला बसली की खाली लोक काय काय लिहितात, ते आम्ही इथे सांगत नाही.

तरी दार हललंय. २०१५ च्या आयपीएलमध्ये चार महिला समालोचक होत्या: अंजुम चोप्रा, इसा गुहा, मेलनी जोन्स आणि लिसा स्थळेकर. ही लिसा पुण्यात जन्मलेली, दत्तक गेलेली, ऑस्ट्रेलियाची कर्णधार झालेली. २०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएल बारा भाषांत ऐकवलं, त्यात मराठीही होती. तिथे मराठीत बोलणाऱ्या केदार जाधवला त्याच हंगामात बंगळुरूच्या संघाने खेळायला बोलावून नेलं! आम्ही ऐकलं तेवढ्यात तरी मराठीतले आवाज पुरुषांचेच होते.

हे सगळं त्या मुलीला सांगितलं. तिने बाकी काही विचारलं नाही, एवढंच म्हणाली, "म्हणजे आधी लिहून काढू?" तिने वही केली आहे. शाळेच्या मैदानावर मुली कबड्डी खेळतात, ते बघून ती रोज पानभर लिहिते. पुढच्या गुरुवारी गटाच्या बैठकीनंतर त्याच मुलींच्या सामन्याचं ती समालोचन करणार आहे आणि आम्ही ते आपल्या रेडिओसाठी रेकॉर्ड करणार आहोत. पाऊस नसला तर मैदानावर. असला तर मुली समाजमंदिरात सतरंज्या टाकून खेळायला तयार आहेत, माईक आम्ही धरू.