केळी, शिंपले आणि पाव

मंडळी, सीलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या पोटात चुकून गहू गेला तर घरी काय करावं? उत्तरासाठी आपण जरा इतिहासात डोकावू.

१८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी यांनी या आजाराचं वर्णन छापलं. त्यातलं एक मूल रोज लिटरभर डच शिंपले खाऊन छान सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि पुन्हा खालावलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी आजारी मुलांना केळी दिली, पाव आणि धान्यं बंद केली. मुलं सावरली. श्रेय मात्र केळ्यांना मिळालं!

नेदरलँड्सचे डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेना, तेव्हा अशी मुलं सुधारलेली दिसली. पाव परतला, दुखणंही परतलं. १९५० च्या प्रबंधात त्यांनी गव्हाचा दोष मांडला.

यातून आपण काय घ्यायचं? पोटात गेलेलं ग्लुटेन उतरवणारा काढा नाही. मीठ-साखरेचं पाणी, तांदळाची पेज, विश्रांती यांनी आराम पडतो. आतड्याचं अस्तर मात्र गहू, जव, राय ही धान्यं टाळल्यावरच हळूहळू भरून येतं. उलट्या-जुलाब थांबेनात, तर डॉक्टरच गाठायचा.

आणि हो, पोट दुखलं की आपण ताकात हिंग घालतो. बाजारातल्या पुष्कळशा हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तेव्हा आधी डबीवरचं वाचू, मग चिमूट घालू.