देश तोलायचा कोणत्या काट्यावर?

३१ डिसेंबर १९७७ ची रात्र. तेहरानच्या नियावरान राजवाड्यात मेजवानी रंगात आली आहे. यजमान आहेत इराणचे शहा मोहम्मद रझा पहलवी आणि पाहुणे अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर. पेला उंचावून कार्टर यांनी छोटंसं भाषण केलं. जगाच्या एका अशांत टापूत इराण हे स्थैर्याचं बेट आहे, असं ते म्हणाले आणि त्याचं श्रेय शहांच्या नेतृत्वाला व जनतेच्या त्यांच्यावरच्या प्रेमाला दिलं. त्याच भाषणात त्यांनी शेख सादींच्या ओळीही वाचून दाखवल्या. सगळी माणसं एकाच देहाचे अवयव आहेत, असं सांगणाऱ्या त्या प्रसिद्ध ओळी. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे त्या मेजवानीतली मला एवढीच गोष्ट कायमची लक्षात राहिली आहे. सादी हजर होते, पण त्यांचं म्हणणं कुणाच्या कानात शिरलं नाही.

त्यानंतर जेमतेम आठवडा गेला. ७ जानेवारी १९७८ ला तेहरानच्या एका दैनिकात आयतुल्ला खोमेनी यांची निंदा करणारा लेख आला. ९ जानेवारीला कुम शहरात लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. आपल्याकडच्या मुसलमान घरांत माणूस गेल्यावर चाळिसावा करतात, हे माझ्या अनेक श्रोत्यांना ठाऊक असेल. इराणातही ती रीत आहे. कुममध्ये मेलेल्यांचा चाळिसावा १८ फेब्रुवारीला आला. त्या दिवशी तब्रीझ पेटलं, तिथेही माणसं मेली. मग तब्रीझच्या मृतांचा चाळिसावा आला. असं दर चाळीस दिवसांनी एकेक शहर दुखवट्यासाठी एकत्र जमू लागलं.

ऑगस्ट १९७८ मध्ये सी.आय.ए.च्या एका मूल्यमापनात लिहिलं गेलं, की इराण क्रांतीच्या तर नाहीच, पण क्रांतीपूर्व अवस्थेतही नाही. १६ जानेवारी १९७९ रोजी शहा देश सोडून गेले.

हे मूल्यमापन करणारे लोक अडाणी नव्हते. त्यांनी इराणचं सैन्य मोजलं होतं, तेलाचं उत्पन्न मोजलं होतं, रस्ते आणि कारखाने मोजले होते. पण चाळिसाव्याला किती माणसं जमतात आणि घरी परतताना काय बोलतात, हा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता.

मी राज्यशास्त्राचा अभ्यासक नव्हे. बी.ए. झालो, पुढे शिकलो नाही. पण एखादा देश टिकेल की कोसळेल हे आधी ओळखता येतं का, या प्रश्नाने मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे. याचं एक कारण घरातलं आहे. ते पुढे सांगेन. आधी सहाशे वर्षं मागे जाऊ.

इब्न खल्दून हा ट्यूनिस शहरात १३३२ मध्ये जन्मलेला विद्वान. उत्तर आफ्रिकेतल्या आणि स्पेनमधल्या कितीतरी सुलतानांच्या पदरी त्याने नोकऱ्या केल्या. तुरुंग पाहिला, कारस्थानं केली आणि भोगलीही. शेवटी दरबारांना विटून तो आजच्या अल्जीरियातल्या एका किल्ल्यात जाऊन बसला आणि १३७७ मध्ये त्याने आपला ‘मुकद्दिमा’ लिहून पुरा केला. राजघराणी का उठतात आणि का बसतात, याचा माझ्या माहितीतला हा सर्वांत जुना रोखठोक हिशेब. त्याचा मुख्य शब्द ‘असबिय्या’. म्हणजे आपण एकमेकांचे आहोत, एकमेकांसाठी उभे राहू, ही भावना. आपला ‘भाऊबंदकी’ हा शब्द भांडणासाठी राखून ठेवला गेला आहे, नाहीतर मूळ अर्थाने तो इथे शोभला असता. वाळवंटातल्या खडतर जगण्यातून आलेल्या पहिल्या पिढीकडे ही भावना भरपूर असते. दुसरी पिढी राजवाड्यात वाढते. तिला बापाचे कष्ट ऐकून तरी माहीत असतात. तिसरी पिढी तेही विसरते आणि भाडोत्री सैनिकांवर विसंबते. एक पिढी चाळीस वर्षांची धरली, तर राज्याचं आयुष्य साधारण एकशेवीस वर्षांचं, असं त्याने मांडलं.

१४०१ मध्ये हाच माणूस दमास्कसला वेढा घालून बसलेल्या तैमूरला भेटला. शहराचे दरवाजे बंद होते, म्हणून त्याला दोरांनी तटावरून खाली उतरवलं गेलं. राज्यं कशी मोडतात ते लिहिणारा आणि राज्यं मोडणारा समोरासमोर बसले. तैमूरने त्याच्याकडून उत्तर आफ्रिकेची इत्थंभूत माहिती लिहून घेतली. देश मोजणाऱ्याचं काम कोणाच्या कामी येतं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९९१ हे वर्ष मोठं विलक्षण गेलं. जानेवारीत सोमालियात सियाद बर्रे पळाला आणि मोगादिशूत सरकार नावाची वस्तूच उरली नाही. डिसेंबरात सोव्हिएत संघ नकाशावरून पुसला गेला. मधल्या महिन्यांत युगोस्लाव्हिया फुटू लागला. ज्यांना महासत्ता म्हणून मोजलं जात होतं आणि ज्यांना कोणी मोजतच नव्हतं, असे दोन्ही देश एकाच वर्षी ढासळले. तेव्हा १९९४ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर यांच्या सूचनेवरून सी.आय.ए.ने विद्यापीठांतल्या अभ्यासकांचा एक गट नेमला. राज्यं का कोसळतात, हे आकड्यांवरून शोधायचं. त्यांनी १९५५ पासूनच्या घटना घेतल्या आणि शेकडो गोष्टी तपासल्या.

त्यातून जे उरलं, ते मला चकित करून गेलं. सैन्य नव्हे, सोन्याचा साठा नव्हे. तीन गोष्टी ठळकपणे उरल्या. देशाचा व्यापार बाहेरच्या जगाशी किती खुला आहे, ही एक. कारभार किती लोकशाहीचा आहे, ही दुसरी, आणि त्यातही पुरती हुकूमशाही किंवा पुरती लोकशाही यांपेक्षा अर्धवट लोकशाही जास्त धोक्याची निघाली. आणि तिसरी, वर्षाच्या आत किती बाळं दगावतात.

बाळं आणि बंडाळी यांचा काय संबंध? बाळं मेली म्हणून सरकार पडत नाही. पण एक बाळ वर्षभर जगण्यासाठी काय काय लागतं, ते बघा. आईला पोटभर अन्न लागतं. दोन बाळंतपणांत अंतर लागतं. पाणी स्वच्छ लागतं. रात्री-अपरात्री दवाखान्यापर्यंत पोचवणारा रस्ता लागतो आणि तो दवाखाना उघडा असावा लागतो. लस यावी लागते, ती थंड राहावी लागते, म्हणजे वीज लागते. आई चार इयत्ता शिकलेली असावी लागते. एवढं सगळं त्या एका आकड्यात येऊन बसतं. सरकार वरच्या गल्लीपर्यंत पोचतं की खालच्या गल्लीपर्यंतही, हे अर्थमंत्र्याच्या भाषणापेक्षा तो आकडा जास्त खरं सांगतो. त्या गटाचा पहिला ठोकताळा तीनांपैकी साधारण दोन वेळा बरोबर यायचा. माणसाच्या कारभारात एवढंही पुष्कळ झालं.

पुढे २००५ पासून वॉशिंग्टनच्या ‘फंड फॉर पीस’ या संस्थेने दरवर्षी देशांची यादी काढायला सुरुवात केली. नाव होतं ‘फेल्ड स्टेट्स इंडेक्स’, म्हणजे नापास देशांचा निर्देशांक. बारा कसोट्या घेतल्या: निर्वासितांचे लोंढे, जमातींच्या मनातला सल, हुशार माणसांचं देश सोडून जाणं, विषमता, सरकारची पत, सार्वजनिक सेवा, परकीयांची ढवळाढवळ वगैरे. प्रत्येकीला दहापर्यंत गुण, आणि जितके जास्त तितकी प्रकृती वाईट. बारा दाहे एकशेवीस. इब्न खल्दूनची वर्षं एकशेवीस आणि यांचे गुणही एकशेवीस! हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो. पहिल्या वर्षी शहात्तर देशांच्या यादीत आयव्हरी कोस्ट वर होता. २००८ ते २०१३ अशी ओळीने सहा वर्षं सोमालियाने पहिला नंबर सोडला नाही. ‘नापास’ हा शिक्का अनेकांना खुपला आणि २०१४ मध्ये नाव बदलून ‘फ्रॅजाइल’, म्हणजे नाजूक, असा शब्द आला. बरं झालं. नापासाला काय करायचं? नाजूक वस्तू निदान जपून तरी उचलतात.

ही यादी तयार करताना लाखो बातम्या आणि अहवाल संगणकाकडून चाळून घेतले जातात, त्याला आकडेवारीची जोड देतात आणि मग माणसं तपासतात. पद्धत मेहनतीची आहे. तरीही २०१० मध्ये काय झालं ते ऐका.

त्या वर्षीच्या यादीत ट्यूनिशिया आणि लिबिया हे दोन्ही देश शंभराच्या पुढे होते, म्हणजे फारशी काळजी नसलेले. जागतिक आर्थिक मंचाच्या स्पर्धाक्षमतेच्या तक्त्यात तर ट्यूनिशिया बत्तिसावा आणि साऱ्या आफ्रिकेत पहिला होता. त्याच देशात सिदी बूझिद नावाच्या गावात मोहम्मद बुअझीझी हा सव्वीस वर्षांचा तरुण हातगाडीवर फळं विकत असे. १७ डिसेंबर २०१० रोजी पालिकेच्या लोकांनी परवाना नाही म्हणून त्याचा माल आणि वजनकाटा जप्त केला. तो काटा परत मागायला गेला. कोणी दाद दिली नाही. मग त्याने गव्हर्नरच्या कचेरीसमोर अंगावर तेल ओतून स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारी २०११ ला तो गेला. १४ जानेवारीला तेवीस वर्षं राज्य केलेले बेन अली विमानात बसून सौदी अरेबियाला पळाले. वर्ष संपण्याआधी लिबियात कर्नल गद्दाफीही मारला गेला.

सगळं जग ज्या देशाला तोलत होतं, त्या देशातल्या एका पोराचा काटा हिसकावला गेला होता, आणि हे कुठल्याच तक्त्यात मावणारं नव्हतं. मला वाटतं, यात एक साधी गफलत आहे. बातम्या चाळून देश मोजायचा, तर जिथे छापायला बंदी आहे तिथे बातमीच नसते. भीतीने गप्प बसलेला देश आणि समाधानाने गप्प असलेला देश कागदावर सारखेच दिसतात. ट्यूनिशियाचं पुढे काय झालं, तेही सरळ रेषेत नाही. २०१४ मध्ये नवी घटना आली, २०१५ मध्ये तिथल्या चार नागरी संघटनांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं आणि २०२१ च्या जुलैत अध्यक्षांनी संसद गोठवली.

उलट दिशेची चूक आपल्या वाट्याला आली होती. १९६७ च्या सुरुवातीला लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतले वार्ताहर नेव्हिल मॅक्सवेल यांनी लिहिलं, की भारतातली चौथी सार्वत्रिक निवडणूक ही बहुधा शेवटचीच. त्यांची कारणं खोटी नव्हती. नेहरू गेले होते, शास्त्री गेले होते, रुपयाचं अवमूल्यन झालं होतं, बिहारात दुष्काळ होता, भाषेवरून दंगे झाले होते. आजची कसोटी लावली असती तर गुण भरपूर पडले असते.

माझे अब्बा प्राथमिक शिक्षक. त्या निवडणुकीत त्यांची ड्यूटी एका आडगावी लागली होती. ते सांगायचे, मतपेट्या बैलगाडीतून नेल्या, आणि ओढ्यापाशी गाडी रुतली तर रांगेत उभं राहायला निघालेल्या मतदारांनीच ती ढकलून काढली. देशभर ६१ टक्के मतदान झालं. कितीतरी राज्यांत सत्ता बदलली आणि हरलेल्यांनी खुर्च्या सोडल्या. मॅक्सवेलना हसण्याचा आपल्याला फारसा हक्क नाही. आठच वर्षांनी आणीबाणी आली. पण १९७७ मध्ये तीही त्याच मतपेटीतून गेली. रुतलेली गाडी ढकलणाऱ्या त्या माणसांना इब्न खल्दूनने एका शब्दात ओळखलं असतं.

आता घरातलं कारण. आमच्या गावात सणवार आले, की संवेदनशील भागांची यादी निघते. माझा मोहल्ला त्यात असतो. मी जन्मल्यापासून तिथे राहतो. दंगल आमच्या गल्लीत एकदाही झालेली नाही, पण यादीत नाव एकदा चढलं की उतरत नाही. कोपऱ्यावर पत्रे लागतात, निळी गाडी उभी राहते. एका वर्षी स्टॅण्डवरून रात्री घरी येत होतो, तर ओळखीचा रिक्षावाला म्हणाला, “चाचा, तुम्हाला नाही म्हणत नाही, पण नाक्यापर्यंतच सोडतो. पुढं संवेदनशील आहे.” मी म्हटलं, “अरे, पुढं माझं घर आहे.” तो ओशाळला, पण नाक्यावरच थांबला. त्याच्यावर मी रागावलो नाही, त्याने तो शब्द तयार केलेला नव्हता. सोमालियाच्या माणसाला परदेशी विमानतळावर पारपत्र पुढे करताना काय वाटत असेल, ते मला त्या रात्री पिशवी उचलून चालताना थोडंसं कळलं.

यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पोलिसांना बंदोबस्त लावायचा असतो, संस्थांना धान्य आणि औषधं कुठे पाठवायची ते ठरवायचं असतं. न मोजता तर काहीच दिसणार नाही. फक्त गुण देणारा त्या गल्लीत शेवटचा कधी आला होता, हे यादीच्या तळाशी लिहावं, असं मला फार वाटतं.

आमच्या मोहल्ल्यात दर महिन्याला एक आशाताई येते. तिच्या काखेत जाड रजिस्टर असतं. सणाच्या दिवसांत, कोपऱ्यावर पत्रे लागलेले असतानाही, ती पोलिसांना सांगून आत आली. माझ्या शेजारच्या घरात नवी बाळंतीण होती. दारातच चप्पल काढून तिने विचारलं, “भाभी, बाळ किती दिवसांचं झालं? वजन केलं का?” आणि पिशवीतून झोळीचा काटा काढून तो चौकटीच्या वरच्या खिळ्याला अडकवला.