कॉलेजचं ऋण कोणी फेडलं?

एकलहऱ्यातून, सामनगावातून, हिंगणवेढ्यातून सकाळी कॉलेजला निघणाऱ्या पोरांना विचारा, कुठं शिकतोस? उत्तर आद्याक्षरांत मिळतं. केटीएचएम. एचपीटी. बीवायके. आणि नाशिकरोडला असेल तर नुसतं 'बिटको'. तीन वर्षं पोरगं रोज ते नाव घेतं, आयकार्ड गळ्यात घालून फिरतं, पण ही अक्षरं कोणाची, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यात पोरांची चूक नाही. त्यांच्या बापांनाही कोणी सांगितलेलं नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे सध्या सगळीकडे माजी विद्यार्थी मेळाव्यांचं पेव फुटलंय. दहावीच्या बॅचचा, बी.कॉम.च्या बॅचचा, वीस वर्षांनी, पंचवीस वर्षांनी. लॉन्स घेतात, एकसारखे टी-शर्ट छापतात, दुपारी जेवण, संध्याकाळी गाणी. जाताना कॉलेजला एक वॉटर कूलर देतात आणि त्यावर बॅचचं नाव असतं. मी थट्टा करत नाही. थंड पाणी पोरांना मिळतंच. पण 'आपल्या कॉलेजचं ऋण' हा शब्द त्या भाषणांत इतक्या वेळा येतो की म्हटलं, एकदा मागं जाऊन बघू, आपल्याकडे हे ऋण आजवर कोणी, कसं फेडलं.

आधी अक्षरं सोडवू.

नामदार गोखल्यांच्या स्मरणार्थ १९१८ मध्ये प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी मुंबईत गोखले एज्युकेशन सोसायटी काढली. या सोसायटीनं १९२४ मध्ये नाशकात कॉलेज सुरू केलं, ते हंसराज प्रागजी ठाकरसी, म्हणजे एचपीटी. कुसुमाग्रज तिथं शिकले, वसंत कानेटकरांनी तिथं शिकवलं. पुढे १९५७ मध्ये कॉमर्सचं कॉलेज आलं, भिकुसा यमासा क्षत्रिय. नाव सिन्नरच्या विडीवाल्या घराण्याचं. १९६३ मध्ये नाशिकरोडला तिसरं आलं. त्याचं पूर्ण नाव आर. एन. चांडक आर्ट्स, जे. डी. बिटको कॉमर्स आणि एन. एस. चांडक सायन्स कॉलेज. अर्जावरच्या एका ओळीत हे मावत नाही, म्हणून सगळे बिटकोवरच थांबतात. १९७० मध्ये एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र सुरू झालं, आणि कॉलनीतल्या क्वार्टर्समधली किती पोरं या कॉलेजात शिकली याची मोजदाद नाही.

आता केटीएचएम घ्या. स्थापना १९६९ ची. कर्मवीर रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे. इथं एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. वरची नावं पैसा देणाऱ्या घराण्यांची. ही तीन नावं संस्था उभी करण्यात आयुष्य घालवणाऱ्यांची. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा. त्याची सुरुवात कॉलेजनं नाही, वसतिगृहानं झाली. खेड्यातलं पोरगं नाशकात शिकायला आलं तर राहणार कुठं, खाणार काय, हा पहिला प्रश्न होता. त्या वसतिगृहाला नाव धारच्या उदाजी महाराज पवारांचं. १९२० च्या एप्रिलमध्ये त्याच्या इमारतीची कोनशिला बसवायला खुद्द शाहू महाराज नाशकात आले होते.

म्हणजे देणारे कोण? मुंबईचे गिरणीवाले, सिन्नरचे विडीवाले, धारचे संस्थानिक, आणि गावोगावचे शेतकरी. यातला एकही त्या कॉलेजचा माजी विद्यार्थी नव्हता. कॉलेजच नव्हतं तर माजी विद्यार्थी कुठून येणार? ज्यांनी तिथं एक तासही भरला नाही त्यांनी ते उभं केलं, आणि ज्यांनी तिथून पदवी घेतली त्यांनी वॉटर कूलर दिला. हे वाक्य जरा कडू आहे, पण राहू द्या.

मग शिकलेल्या माणसानं, त्याच्या घरच्यांनी परत देणं आपल्याकडे झालंच नाही का? झालं. फार मोठं झालं. फक्त ते चेकच्या रूपात शोधलं तर सापडत नाही.

धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण सगळ्यांना अर्धंच माहीत असतं. कर्वे मुरुडचे, कोकणातले. तिथले सोमण गुरुजी त्यांचे शिक्षक. पुढे मुंबईत आल्यावर कर्व्यांनी मुरुडच्या माणसांना धरून 'मुरुड फंड' काढला. पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्यांनी मिळकतीतला हिस्सा काढायचा आणि तो गावच्या, शाळेच्या कामी लावायचा. माजी विद्यार्थी संघ हा शब्द तेव्हा आपल्याकडे नव्हता, काम मात्र तेच होतं.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या घरातल्या बायकांबद्दल. कर्व्यांची दुसरी पत्नी गोदूबाई, लग्नानंतरच्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. त्या बालविधवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींतल्या त्या एक. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि मुरुडनं या जोडप्याला वाळीत टाकलं. ज्या गावासाठी फंड काढला, त्याच गावानं! १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला, एका झोपडीत. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि पायी हिंगण्याला जायचं, हा कर्व्यांचा दिनक्रम.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. देवरुखच्या जोशांची मुलगी. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरात एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर ही बाई मेहुण्याच्या आश्रमात शिकायला बसली. मुळाक्षरं गिरवण्याचं ते वय नव्हे. पण शिकली, आणि तिथंच कामाला लागली. आश्रमाची देखरेख केली आणि मुख्य म्हणजे वर्गणीसाठी गावोगाव फिरली. त्या काळात केशवपन केलेली विधवा चारचौघांत उभी राहून भाषण करते आणि विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते, हे चित्र जरा डोळ्यासमोर आणा. शिव्याही खाल्ल्या असतील, पैसेही आणले.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. हातात पैसा जवळजवळ नव्हताच. १९१८ मध्ये पार्वतीबाई अमेरिकेला गेल्या. वय ४८. इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी निधी जमवायचा, हे दोन हेतू. इंग्रजी येत नाही, ओळखपाळख नाही. पोट भरायला त्यांनी तिथल्या घरांत घरकाम केलं, भांडी घासली. १९२० मध्ये परत आल्या. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं साध्या भाषेत सांगितलंय, जमलं तर मिळवून वाचा.

त्याच १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आजचं एसएनडीटी. १५ लाख ही त्या काळी अफाट रक्कम, त्यात वाद नाही. पुढे त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी त्याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, म्हणजे घराण्यानं नुसतं नाव लावून हात झटकले नाहीत. पण ते १५ लाख यायच्या आधीची चोवीस वर्षं संस्था कोणाच्या जिवावर तगली, हेही विचारायला हवं. ती तगली वर्गणीवर, आणि तिथंच शिकून तिथंच राबलेल्या बायकांवर.

कर्व्यांचं पुढचं घरही त्यात ओढलं गेलं. डॉक्टर झालेला मुलगा शंकर मोम्बासाला होता. त्याच्या आधारानं कर्वे सत्तरी ओलांडल्यावर पूर्व आफ्रिकेत विद्यापीठासाठी वर्गणी गोळा करत फिरले. धाकटा भास्कर आणि सून कावेरीबाई हिंगण्याच्या कामात राहिले. दुसरी सून इरावतीबाई १९३१ ते ३६ या काळात एसएनडीटीच्या रजिस्ट्रार होत्या. एक अख्खं घर एका संस्थेला लावलं, याला म्हणतात.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर ही पोथी होईल. हिंगण्याचा आश्रम सुरुवातीला उच्चवर्णीय विधवांपुरता होता. नाशिकचं वसतिगृहही एका समाजाच्या नावानं सुरू झालं. तो काळच जातवार वसतिगृहांचा होता. ती चौकट मोडली साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. घरोघरी मूठभर धान्य मागायचं, तो मुष्टिफंड. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्या पंगतीत जेवलेल्यांपैकी एक शेतकऱ्याचा मुलगा बॅरिस्टर होऊन आला. त्यानं वकिलीचा फड गाजवायचा सोडून संस्थेतच मास्तरकी पत्करली, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचा प्राचार्य झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू. बॅरिस्टर पी. जी. पाटील. असे अनेक. रयतेला शिक्षक बाहेरून फारसे शोधावे लागले नाहीत, ते पंगतीतूनच उठले.

आणि काहींना तर देणाऱ्याला परत देताच आलं नाही. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. बदल्यात बडोद्याची नोकरी करायचा करार होता. १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्याला गेलेही. राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही लोकांनी हुसकावलं. बडोद्याचं ते ऋण बडोद्यात फिटायचं नव्हतं. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. ज्यांनी दिलं त्यांना नाही, ज्यांना मिळालं नव्हतं त्यांना परत गेलं.

आजचं काय? पवईच्या आयआयटीला २०२३ मध्ये नंदन निलेकणींनी ३१५ कोटी दिले. आधीचे धरून ४०० कोटी. त्याच वर्षी तिथल्या १९९८ च्या बॅचनं रौप्यमहोत्सवाला मिळून ५७ कोटी दिले. चांगलं आहे. पण जिथून शिकून पैसा भरपूर मिळतो तिथंच पैसा परत येतो. बी.ए. होऊन तलाठी झालेला, बी.कॉम. होऊन प्रेसमध्ये लागलेला, विज्ञान शिकून थर्मलला ऑपरेटर झालेला माणूस कोटी कुठून देणार? शिवाय त्याची मुलं पुण्याला, बंगळूरला. त्यांचं कॉलेज वेगळं, त्यांची ओढ वेगळी.

इकडे कॉलेजांना माजी विद्यार्थी आठवतात ते नॅकच्या वेळी. नॅकच्या अहवालात त्याचा स्वतंत्र मुद्दा असतो. माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे का, पाच वर्षांत किती लाख दिले. मग फोनाफोनी होते, फॉर्म भरून घेतात, बॅनर लावून फोटो काढतात. पाहणी समिती गेली की संघ पुढच्या फेरीपर्यंत झोपतो. हे मी एका कॉलेजचं सांगत नाही. पत्रकारितेत वीसेक वर्षं काढली, बहुतेक ठिकाणी हेच बघितलंय.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. माजी विद्यार्थ्यांतला एक वर्ग आजही रोज कॉलेजला देतोय, तो म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. नेट-सेट झालेले, कित्येकदा त्याच कॉलेजात शिकलेले, तासाच्या हिशोबानं पैसे घेऊन शिकवणारे. कायम जागा भरल्या जात नाहीत म्हणून वर्षानुवर्षं हे चाललंय. हिंगण्याला राबलेल्यांनी, पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत ७५ रुपयांवर आजीव सदस्य झालेल्यांनी ते ठरवून पत्करलं होतं. यांनी पत्करलेलं नाही, यांच्यावर आलंय. मेळाव्यात त्याग वगैरे शब्द वापरताना समोर खुर्च्या लावणारा हा तरुण मास्तर कोण आहे, तेवढं बघावं. संघाकडे पैसे जमलेच तर पहिला विचार याचा करावा असं माझं मत आहे. दुसरा 'कमवा आणि शिका'तल्या पोरांचा. आपल्या पुणे विद्यापीठाची ती योजना कर्मवीर भाऊरावांच्याच नावानं चालते, ग्रंथालयात नाहीतर बागेत काम करून पोरं खर्च भागवतात. एका बॅचनं अशा चार पोरांचा वर्षाचा मेसचा खर्च उचलणं अवघड नाही. लॉन्सच्या भाड्यात बसतं.

माझ्याकडून मी एक काम सुरू करतोय. एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढे, कोटमगाव, चाडेगाव या गावांपासून. तुमच्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदा कोण चढलं, कोणत्या साली, कोणत्या वसतिगृहात राहिलं, जेवणाचं कोणी बघितलं, फी कोणी भरली, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मला लिहून पाठवा. जुनी फीची पावती, वसतिगृहाचं कार्ड, ग्रुप फोटो असेल तर मोबाईलवर काढून पाठवा. आजीला शिकवलं असेल तर आजीचं आधी पाठवा, त्या नोंदी सगळ्यात कमी मिळतात. आणि ज्या कोणी त्या काळी धान्य दिलं, खोली दिली, पण ज्यांचं अक्षर कुठल्याच कॉलेजच्या नावात आलं नाही, त्यांची नावं विसरू नका.