प्लेगचा क्रूस आणि ग्रँट मेडिकलचे पदवीधर

आमच्या धर्मग्रामात, चर्चकडून तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, एक दगडी क्रूस उभा आहे. त्याच्या चौथऱ्यावर १८९८ हे साल कोरलेले आहे. मे महिना आला की वाडीतील कुटुंबे त्याला चुना लावतात, झेंडूच्या माळा घालतात, नऊ संध्याकाळ तेथे जपमाळ व लितानी म्हणतात आणि शेवटच्या दिवशी उकडलेले चणे वाटतात. जुनी माणसे त्याला 'प्लेगचा क्रूस' म्हणतात. वांद्रे, माझगाव, गिरगाव, साष्टी, वसई अशा कितीतरी ठिकाणी त्या काळातले असे क्रूस आजही उभे आहेत.

गेल्या मे महिन्यात जपमाळ आटोपल्यावर एका मुलाने आम्हाला प्रश्न केला. त्याला नुकताच वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. तो म्हणाला, "फादर, लोकांनी क्रूस उभारला हे समजलं. पण तेव्हा डॉक्टर नव्हते का? ते काय करत होते?" आम्ही काहीतरी मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र ते उत्तर आम्हालाच बोचू लागले. क्रुसाची कथा आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. त्याच काळात, आपल्याच समाजातील एका पदवीधराने केलेल्या कार्याची कथा मात्र आम्ही कधीच सांगितली नव्हती. त्या मुलाचे देणे फेडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि त्याच्या शेजारीच सर जमशेटजी जिजीभाई यांच्या दानातून उभे राहिलेले रुग्णालय. कॉलेजचे पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर बारा वर्षांनी, म्हणजे १८५७ साली झाली, आणि पुढे हे कॉलेज विद्यापीठाला जोडले गेले. तत्पूर्वी, १८५१ साली, कॉलेजने आपली पहिली तुकडी बाहेर पाठविली. तिच्यात अवघे आठ पदवीधर होते.

त्या आठांत हिंदू होते, पारशी होते आणि गोव्याकडून आलेले कॅथोलिकही होते. जातीपातीचे निर्बंध इतके कडक असलेल्या त्या काळी ही मुले एका बाकावर बसून एकच शरीरशास्त्र शिकली. मानवी देह आतून सर्वांचा सारखाच असतो, हा धडा त्यांना कोणा प्रवचनकाराने दिला नाही. शिकता शिकताच तो त्यांच्या अंगवळणी पडला असावा.

त्यांतील तिघांचा परिचय येथे करून देतो. डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे गोव्याकडचे. गरिबांसाठी त्यांनी मोफत दवाखाना चालविला, कुष्ठरोगावर औषध शोधण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला आणि उरलेला वेळ प्राचीन शिलालेख वाचण्यात घालविला. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय १९७५ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला तो त्यांच्याच पुढाकाराने. तिसरे आपल्या समाजाचे, बारदेशातून आलेले डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ. वैद्यकी सांभाळून त्यांनी वनस्पतींचा अभ्यास केला. मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळात माणसे कोणती कंदमुळे व कोणता पाला खाऊन जगतात, याचीही नोंद त्यात आहे. उपाशी माणसाच्या ताटात काय पडते हे पाहणे हाही वैद्याचाच धर्म आहे, असे त्यांना वाटले असले पाहिजे. त्यांच्या पत्नीही वनस्पतिशास्त्राच्या जाणकार होत्या. सुगंधी गवतांविषयीचा त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे आला, आणि एका गवताच्या शास्त्रीय नावात लिस्बोआ हे नाव कायमचे राहिले.

वसईच्या वाचकांना आणखी एका नावाची आठवण द्यावीशी वाटते. बारदेशातूनच मुंबईत आलेले डॉ. जेर्सन द कुन्हा हेही व्यवसायाने वैद्यच. चौल आणि वसई यांच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली निघाला. आपल्या किल्ल्याविषयी व पडक्या चर्चविषयी पुढे जे लिहिले गेले, त्यातील पुष्कळशा लेखनाला त्यांच्या ग्रंथाचा आधार आहे. नाडी पाहणारा तोच हात जुने दस्तऐवजही चाळत होता.

आता मुख्य नायकाकडे वळू. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली बारदेशातील हडफडे गावी झाला. शिक्षणासाठी ते मुंबईत आले आणि १८८० साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांनी मांडवी भागात दवाखाना थाटला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली व्यापाऱ्यांची पेठ. खाली धान्याची वखार, वर माणसांनी खच्चून भरलेल्या खोल्या, मधून वाहणारी उघडी गटारे आणि सगळीकडे उंदीर. पुढे ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासदही झाले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतील रोगी तपासताना त्यांना एक निराळा ताप दिसू लागला. अंगात भणभणता ताप, मती गुंग होणे, जांघेत किंवा काखेत आलेली गाठ आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. प्लेगचे जंतू हाँगकाँग येथे येर्सिन यांनी १८९४ साली शोधून काढले होते आणि त्या बंदराशी मुंबईचा व्यापार चालू होता. डॉ. व्हिएगस यांनी निदान केले आणि ते कॉर्पोरेशनपुढे उघडपणे मांडले : हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच होय.

वाचकहो, हे वाक्य उच्चारणे किती कठीण होते याची आज कल्पना येणार नाही. मुंबई हे व्यापारावर जगणारे शहर. प्लेग म्हटले की परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना दार बंद करणार, गिरण्या ओस पडणार, कर्ज बुडणार. पुढे झालेही तसेच. १८९७ साली मुंबईहून हजला जाणारी यात्रासुद्धा थांबवावी लागली, आणि युरोपातील राष्ट्रांनी व्हेनिस येथे परिषद भरवून निर्बंधांचा विचार केला. तेव्हा "हा साधा तापच असेल, थोडे थांबून पाहू" असे म्हणण्यातच सर्वांची सोय होती. ज्या डॉक्टरची मिळकत त्याच पेठेतील व्यापाऱ्यांवर अवलंबून, त्याने तरी हे अप्रिय सत्य का बोलावे? पण ते बोलले. अन्य तज्ज्ञांनी तपासणी केल्यावर त्यांचे निदान खरे ठरले.

पुढील महिने भयंकर होते. लक्षावधी माणसे शहर सोडून पळाली. आगगाड्या व होड्या भरभरून माणसे कोकणात, देशावर, गुजरातेत गेली, आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. घराघरांत शिरून झडती घेणे, रोग्यांना जबरीने रुग्णालयात नेणे, सामान जाळणे सुरू झाले. पडद्यातील स्त्रियांची परक्या पुरुषांनी तपासणी करावी, हे लोकांना सहन होईना. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढविला होता. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली होती. पुण्यात या जुलमाचा शेवट जून १८९७ मध्ये रँड यांच्यावरील गोळीबारात झाला. त्याच पुण्यात मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. एकाच साथीत सत्तेची दांडगाई आणि सेवेची पराकाष्ठा अशी दोन्ही दर्शने घडली.

डॉ. व्हिएगस यांनी तिसरा मार्ग धरला. वस्त्या स्वच्छ करा, उंदरांचा नायनाट करा, असा त्यांनी आग्रह धरला. पिसवा हा रोग उंदरांकडून माणसांकडे नेतात, हे सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. याच सुमारास वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या प्रयोगशाळेत प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लस निघाली खरी. पण ती घेणार कोण? ज्या लोकांनी रुग्णालयावर दगड फेकले, ते परक्या साहेबापुढे दंड उघडा करणार नव्हते. त्यासाठी ओळखीचा माणूस हवा होता. डॉ. व्हिएगस यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८,००० लोकांना लस टोचली. हा आकडा घटकाभर मनात घोळवावा. अठरा हजार वेळा समोर बसलेल्या घाबरलेल्या माणसाला धीर द्यावा लागला असेल. वैद्यकीचे ज्ञान कॉलेजात मिळते; हा विश्वास मात्र सोळा वर्षे एकाच पेठेत जिने चढून-उतरून मिळविलेला होता.

१९०६ साली ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. त्या पदावर निवडून आलेले ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती होत. १९३३ साली त्यांचे देहावसान झाले. धोबीतलावाला, मेट्रो चित्रपटगृहासमोर, त्यांचा पुतळा आहे. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने गलिच्छ वस्त्यांतून जे रुंद रस्ते काढले, त्यांपैकी प्रिन्सेस स्ट्रीट तेथून जवळच आहे. लग्नाच्या खरेदीसाठी त्या भागात जाणारी आपली कितीतरी कुटुंबे त्या पुतळ्याखालून जातात. आम्हीही सेमिनरीच्या दिवसांत अनेकदा गेलो. मान वर करून नाव मात्र वाचले नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग उरतो. डॉक्टर होते, लसही होती, मग क्रूस कशाला? आमच्या मते हा विरोध खोटा आहे. आपल्या पूर्वजांनी साथीत संत सेबास्तियन आणि संत रॉक यांचा धावा केला. क्रुसाभोवती जमून परस्परांना एकटे पडू दिले नाही. मृत्यू दारात असताना माणसाला औषधाइकीच सोबतही लागते. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय ज्यांनी वाचला असेल, त्यांना ठाऊक आहे की वैद्याचा मान राखण्याची शिकवण पवित्र ग्रंथातच आहे. संत लूक स्वतः वैद्य होते. श्रद्धा बिघडते ती प्रार्थनेमुळे नव्हे; प्रार्थनेच्या आडोशाने आपण वैद्याचे अप्रिय बोल ऐकायचे टाळतो, तेव्हा ती बिघडते.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी स्वतःचा कबुलीजबाब दिला पाहिजे. मार्च २०२० च्या आरंभी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आली. उपवासकाळातील मोठा मेळावा पुढे ढकलावा, अशी तिने विनंती केली. आम्ही हसून म्हणालो, "बाळ, लोक काय म्हणतील?" मेळावा झाला. थोड्याच दिवसांत चर्चची दारे बंद करावी लागली आणि १८९७ चाच तो जुना साथरोग कायदा पुन्हा अमलात आला. मेळाव्यामुळे कोणाला अपाय झाला नाही, ही देवाची कृपा. आमचे शहाणपण नव्हे. 'थोडे थांबून पाहू' म्हणणाऱ्या १८९६ च्या मुंबईकरांत आम्हीही बसलो असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. नंतर तिची क्षमा मागितली. २०२१ मध्ये लशीची भीती पसरली तेव्हा एका आजीने विचारले, "फादर, तुम्ही घेतली का?" आम्ही झग्याची बाही वर करून दंड दाखविला. दुसऱ्या दिवशी ती आमच्या त्या डॉक्टरकडे गेली.

आज आपल्या घराघरांतून मुले-मुली डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते होत आहेत. दहावीचा निकाल लागला की आईवडील विचारतात, कोणत्या शाखेत मिळकत अधिक? प्रश्न चुकीचा नाही. शिक्षणासाठी काढलेले कर्ज खरे असते. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न घरात विचारला जावा : ज्या दिवशी अप्रिय सत्य बोलण्याची वेळ येईल, त्या दिवशी आमचे मूल बोलेल का? आणि ते बोलले तर आम्ही त्याच्या पाठीशी उभे राहू का?

येत्या मे महिन्यात प्लेगच्या क्रुसापाशी जमू तेव्हा लितानीनंतर डॉ. अकासियो व्हिएगस यांच्या आत्म्यासाठी एक 'हे आमच्या बापा' म्हणावयाचे आम्ही ठरविले आहे. प्रार्थना सुरू करून देण्यास त्या मुलाला सांगितले आहे. त्याने होकार दिला आहे.