एक सावली, दोन दानं

देव या जगाच्या बाहेर बसलाय की आत येऊन ढवळाढवळ करतो, हा वाद पोट भरलेल्यांचा आहे, आपल्याला त्याचं काय, असं आपली पोरं म्हणतात. मी म्हणतो, दोस्तहो, या वादाचा हिशेब सगळ्यात जास्त आपल्याच नावावर निघतो. देवादैत्यांचा हात आभाळात फिरला, की त्याची वसुली खाली मांगवाड्यात-महारवाड्यात झाली. पटत नसेल तर ग्रहण घ्या.

चाळीसगावपासून १८ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याला पाटण. लोक पाटणादेवीला जातात, नवस फेडतात, जेवणावळी करतात नि परत येतात. याच पाटणचा एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. त्यात काय कोरलंय? भास्कराचार्याचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबाचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि घराण्यातले बाकीचे ग्रंथ शिकवायला त्याने इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. साल शके ११२८, म्हणजे इ. स. १२०६-०७. श्रावणातली पुनव. आणि वेळ? चंद्रग्रहणाची!

लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला. चालत्या घाण्यामागे पळी-पळी तेल मठाला. तेल गाळणाऱ्यानं दिलं. दिवा मठात लागला.

आता त्या दिव्याखाली काय शिकवायचं होतं ते बघा. 'सिद्धांतशिरोमणी' ११५० सालचा. तो सांगतो, चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो ते चंद्रग्रहण. चंद्र सूर्याच्या आड येतो ते सूर्यग्रहण. आर्यभटाने ४९९ साली हेच सांगून ठेवलं होतं. गणितातला राहू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, तो बिंदू. त्याला ना तोंड, ना दात. कुणी कुणाला गिळत नाही.

पण भास्कराचार्य इथे थांबला नाही. शास्त्रपुराणांशी भांडण नको म्हणून त्याने पुस्ती जोडली, की राहूच वरदानाच्या जोरावर त्या सावलीत शिरतो आणि चंद्राला झाकतो. म्हणजे हिशेब सावलीचा आणि मान राहूचा. त्याच्या आधी ब्रह्मगुप्ताने ६२८ साली अशीच तडजोड केली होती. अल्बेरुणी परक्या मुलखातून आलेला. त्याने १०३० च्या सुमारास ती बरोबर पकडली. खरं ठाऊक असूनही हा माणूस ब्राह्मणांच्या बाजूने का बोलतो, असं त्याने विचारलं. सॉक्रेटिसाचं जे झालं ते आपलंही होईल या भीतीने बोलला असावा, असंही लिहून ठेवलं.

पंडिताची भीती मी समजू शकतो. पण त्याच्या तडजोडीचं बिल कुणी भरलं?

लोकांनी राहू-केतूला जात चिकटवली. मांग. महार. चांद गिळणारा अस्पृश्य, म्हणून चांद सोडवायचा तर दान अस्पृश्याला. माझी आजी लहानपणी तिच्या मायबरोबर टोपली घेऊन गावात जायची. हाळी असायची, "दे दान, सुटे गिऱ्हान!" वरून टोपलीत पडायचं मूठभर धान्य, फाटकं धुडकं. घरादाराची इडापिडा त्यातच. आजी म्हणे, "जवय चांदले गिऱ्हान लागे, तवय आपला घरमा दाना ये." आभाळात अंधार पडला की आमची चूल पेटायची. याला देवाची लीला म्हणायचं का?

ग्रहण तेच, सावली तीच. सोइदेवाने मठाला दिलं, ते पुण्य म्हणून हातावर पाणी सोडून आणि दगडावर कोरून दिलं. आजीच्या टोपलीत टाकलं, ते पाप म्हणून, हात लागू न देता, वरून. देव जगात हात घालतो म्हणणारा माणूस एवढंच करतो, की कुणाच्या हातात पुण्य जाईल आणि कुणाच्या टोपलीत पाप, ते ठरवतो.

जोतिबांनी या कारभाराला पहिला सुरुंग लावला. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ साली, त्यांच्या मागे, छापून निघालं. त्यातला निर्मिक सूर्य, ग्रह, पृथ्वी निर्माण करतो. पण तो अवतार घेत नाही, नैवेद्य खात नाही, मधे दलाल ठेवत नाही. देव जगाबाहेर ठेवला की भटाची दक्षिणा गेली आणि आपली टोपलीही गेली.

बाबासाहेब आणखी पुढे गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात देवांनाच नकार दिला. त्यांनी जो बुद्ध दिला, त्याने हा वादच बाजूला सारला होता. जग शाश्वत की अशाश्वत, असं विचारणाऱ्या मालुंक्यपुत्ताला तो म्हणाला, विषारी बाण लागलेला माणूस बाण मारणाऱ्याची जात आणि गाव विचारत बसला तर मरेल. आधी बाण काढा. पाटणचा डोंगर ओलांडला की पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, भास्कराचार्याच्या हजारावर वर्षं आधीची. म्हणजे मठाच्या पाठीशीच हे दुसरं उत्तर खडकात उभं होतं.

दीक्षेनंतर आमच्या वस्तीतली हाळी बंद झाली. राहू मात्र सुटला नाही. २०२३ साली यान चंद्रावर उतरलं, तरी ग्रहणात गर्भार बाईला विळी हातात धरू देत नाहीत. पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटासकट गणिताने येते आणि त्याच पानावर राशींना फळ राहू देतो. भास्कराचार्याची तडजोड अजून छापखान्यात चालू आहे.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. दसऱ्याला मशीनला हार चढतो, नारळ फुटतो. पण धागा तुटला की जॉबर देवाला हाक मारत नाही, मला मारतो. तेव्हा देव आत की बाहेर, ते ज्याला वेळ आहे त्याने खुशाल ठरवावं. आपण फक्त विचारायचं, तो आत आला तेव्हा टोपली कुणाच्या डोक्यावर होती?