घोडा फेरणारे हात

सडलेलं पान, करपलेली भाकरी आणि अडलेला घोडा. अकबर-बिरबलाच्या गोष्टीतल्या या तिन्ही कोड्यांचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. मराठीत घोड्याला शिकवण्याला 'घोडा फेरणं' म्हणतात. शिंगराला आधी माणसाच्या हाताची सवय, मग मोहरकी, मग लगाम, मग रिकामं खोगीर आणि शेवटी पाठीवर माणूस. घाई केली की जनावर कायमचं बिथरतं. हे काम करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. नावात चाबूक असला तरी धंदा धीराचा.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात फिरताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. हा मुलूख घोड्याचा नाहीच. राजगड, तोरणा, रोहिडा इथे चढायचं ते पायांनी. पाऊस धो-धो, वाटा निसरड्या. मावळा मुळात पायदळाचा गडी. मग इथे उभ्या राहिलेल्या राज्याचं घोडदळ पुढे हिंदुस्थानभर गाजलं ते कसं?

उत्तर दोन ठिकाणी आहे. एक, डोंगराच्या पूर्वेला. नीरा-भीमेच्या कोरड्या, मोकळ्या माळावर भीमथडीचं तट्टू तयार झालं. बुटकं, काटक, कमी चाऱ्यावर भागवणारं. कोकणच्या बंदरांत उतरणाऱ्या अरबी घोड्यांचं रक्त त्यात मिसळलं असं मानतात. दुसरं उत्तर दख्खनच्या सुलतानांच्या फौजेत. मराठा सरदार पिढ्यान्‌पिढ्या निजामशाहीत आणि आदिलशाहीत घोड्यावर चाकरी करत होते. हबशी मलिक अंबरने याच हलक्या मराठा स्वारांच्या जोरावर मुघलांना वर्षानुवर्षं जेरीस आणलं. १६२६ मध्ये तो वारला, पण ती पद्धत राहिली.

ही शिकवण कुठून कुठे गेली याचा पुरावा शब्दांत आहे. पागा, बारगीर, लगाम, जीन फारसीतून आले. रिकीब अरबी. शिलेदार आणि नालबंद हे अरबी-फारसी जोडशब्द. पण रस्ता एकेरी नव्हता. घोड्यांच्या वैद्यकाचा शालिहोत्राचा संस्कृत ग्रंथ फारसीत गेला आणि त्याच नावावरून उर्दूत घोड्याच्या डॉक्टरला सलोत्री म्हणू लागले. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरीही पागेत लगाम तो लगामच राहिला. शब्द हत्याराबरोबर येतो आणि हत्यार वापरणाऱ्या हाताचा होऊन जातो.

१६९० च्या दशकात जिंजीला बखर लिहिणाऱ्या सभासदाने पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा हे फौजेचे घटक होते, वरकड माणसं नव्हेत. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. महाराजांनी जोर दिला तो सरकारी पागेवर. याच बखरीत हशमाचा, म्हणजे पायदळाचा, सरनोबत म्हणून नूर बेगचं नाव आहे. पुढे त्या जागी भुतोंड्याचे येसाजी कंक आले.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र. त्याचा आशय असा : दाणागोटा आणि गवत बेतानं वापरा. आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकरी, कोणी गवत. रयत परागंदा होईल आणि तिला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून जळती वात उंदीर ओढून नेईल इथपर्यंतची काळजी त्या पत्रात आहे.

इथे 'मोगल' हा शब्द नीट वाचायला हवा. तो धर्माचं नाव नाही, रयतेला लुटणाऱ्या फौजेचं नाव आहे. आणि आपलीच फौज तशी होऊ शकते, हा इशारा आपल्याच माणसांना आहे. आज व्हॉट्सॲपवर या इतिहासाची दोन धर्मांत वाटणी करून देणाऱ्यांनी पागेचा हिशेब वाचावा. तिथे कसोटी एकच दिसते : घोड्याला चारा कुणाच्या कष्टाचा आणि तो विकत घेतला की ओरबाडला?

भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, पागा त्याआधीच ओस पडत चालल्या होत्या. घोडा मात्र धनगरांनी राखला. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेल्या वाड्याचं सामान, कोंबड्या, कोकरं, कधी पोरंसुद्धा भीमथडीच्या पाठीवर असतात. शिंगरू आईमागे चालत चालतच वाट शिकतं. महाराष्ट्राच्या राज्यगीतात ज्या तट्टाचा उल्लेख आहे, ते असं अजून ओझं वाहतंय. ज्यांनी ते टिकवलं त्यांच्या मेंढरांना चरायला रान उरलं नाही, तर राज्यगीतातलं तट्टू गाण्यापुरतंच राहील.