संगीत नाटकातील गायक-नटांचे प्रशिक्षण

संगीत नाटकातील गायक-नटांचे प्रशिक्षण म्हणजे मराठी संगीत रंगभूमीवर गद्य अभिनय आणि पदगायन ही दोन्ही अंगे सांभाळून भूमिका करणाऱ्या कलावंतांना घडविण्याची परंपरा होय. इ.स. १८८० नंतर सुमारे अर्धशतक हे शिक्षण प्रामुख्याने व्यावसायिक नाटक मंडळ्यांमध्ये मिळत असे. मंडळ्या बंद पडल्यावर ते घराणी, गायनशाळा, हौशी संस्था आणि विद्यापीठांचे विभाग यांत विभागले गेले. गायन आणि अभिनय यांचे एकत्र शिक्षण कोठे द्यावे, हा या विभागणीमुळे निर्माण झालेला प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

पार्श्वभूमी

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीता स्वयंवर’ हा खेळ सादर केला. त्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणत असे व पात्रे प्रसंगानुरूप उत्स्फूर्त भाषणे करीत. त्यामुळे नटाला गाता येणे आवश्यक नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’ने ही पद्धत बदलली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. त्यात पात्रे आपापली पदे स्वतः गात होती. या नाटकात दोनशेच्या आसपास पदे होती. १८८२ मध्ये ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले. या दोन नाटकांमुळे गाणारा नट ही रंगभूमीची मूलभूत गरज ठरली.

नाटक मंडळीतील शिक्षण

मंडळीत लहान वयाची, गोड गळ्याची मुले घेतली जात. त्यांचा निवास, भोजन, तालीम आणि प्रवास मंडळीबरोबरच होई. पाठांतर, शब्दोच्चार, हालचाली आणि पदांच्या चाली यांची तालीम एकाच बिऱ्हाडात चाले. ज्येष्ठ नटांचे काम रोज विंगेतून पाहणे हाही शिक्षणाचा भाग होता. भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांनी किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका गाऊन कीर्ती मिळविली. बालवयात स्वदेशहितचिंतक मंडळीत ‘शारदा’ची भूमिका करणारे केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांनी पुढे १९०८ मध्ये हुबळी येथे ललितकलादर्श ही मंडळी स्थापन केली. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली. अशा रीतीने एका मंडळीत शिकलेला नट दुसऱ्या मंडळीचा चालक व शिक्षक होत असे.

या व्यवस्थेला कठोर बाजूही होती. मुलाचा आवाज फुटला की त्याचे मंडळीतील स्थान धोक्यात येई. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) हे याचे ठळक उदाहरण होत. किर्लोस्कर मंडळीत बालनट असताना आवाज फुटल्याने त्यांना रंगभूमी सोडावी लागली. त्यांनी बडोदे येथे फैज महंमद खाँ यांच्याकडे व पुढे इतर उस्तादांकडे ख्यालगायनाचे शिक्षण घेतले. नंतर ते गुरू म्हणून नाट्यसृष्टीत परतले. बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य होत. ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) च्या चाली भास्करबुवांच्या आहेत. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात स्थापन केलेली भारत गायन समाज ही गायनशाळा आजही चालू आहे.

प्रशिक्षणाचे विषय

नाट्यपद हे रागावर आधारलेले असले तरी मैफलीतील ख्यालाप्रमाणे ते स्वतंत्र नसते. गायक-नटाला गद्य संवादातून पदात सहज शिरावे लागते, पद संपताच पुन्हा संवादाच्या लयीत यावे लागते, आणि गातानाही समोरच्या पात्राशी नाते टिकवावे लागते. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे ही पूर्वी ध्वनिक्षेपक नसल्यामुळे पहिली अट होती. ‘वन्स मोअर’ मिळाल्यावर ताना किती वाढवाव्यात आणि कथानकासाठी कोठे थांबावे, याचा विवेकही शिकावा लागतो.

स्वराच्या पट्टीचा प्रश्न विशेष आहे. पुरुष गायक सामान्यतः काळी एक किंवा दोनच्या आसपास, तर स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात. जुन्या प्रयोगांत नायक व नायिका या दोन्ही भूमिका पुरुषच करीत. स्त्रिया रंगभूमीवर आल्यानंतर एकाच प्रवेशात पट्टी बदलण्याची गरज वाढली. ऑर्गनवादक आणि तबलजी यांच्याबरोबर तालीम झाल्याशिवाय हा बदल साधत नाही.

मंडळ्यांनंतरचा काळ

१९३१ मध्ये बोलपट सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत बहुतेक मंडळ्या मोडकळीस आल्या. त्यांच्याबरोबर निवासी शिक्षणाची व्यवस्थाही संपली. त्यानंतरच्या नाटकांसाठी गायक बहुधा मैफलीतून आले. ‘कुलवधू’ (१९४२) मधील ज्योत्स्ना भोळे आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधील वसंतराव देशपांडे ही त्याची उदाहरणे होत. गुरूने नाकारलेली विद्या ऐकून-ऐकून मिळविणारा शिष्य हा ‘कट्यार’चा विषयच आहे. त्याचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांनी अनेक शिष्यांना घरी ठेवून शिकविले. जयराम व जयमाला शिलेदार यांच्या कुटुंबात ही विद्या कन्या कीर्ती शिलेदार यांच्याकडे आली.

हौशी संस्थांनीही हे काम केले. पुण्याच्या भरत नाट्य संशोधन मंदिराचा आरंभ १८९४ मध्ये ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ म्हणून झाला. महाराष्ट्र शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धांत संगीत नाटकांसाठी स्वतंत्र स्पर्धा होते. तिच्यामुळे छोट्या गावांतील संस्थांनाही पूर्ण लांबीचे संगीत नाटक बसविण्याचे निमित्त मिळते.

विद्यापीठीय शिक्षण

पाश्चात्त्य देशांतील अनेक विद्यापीठांत गायनाचे विद्यार्थी दरवर्षी संपूर्ण ऑपेरा बसवून गावातील प्रेक्षकांपुढे सादर करतात. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात १९४८ पासून असा उपक्रम चालतो. त्यात गायन, अभिनय, वाद्यवृंद व नेपथ्य यांचे शिक्षण एकाच प्रयोगात एकत्र येते.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची स्थापना १९८७ मध्ये झाली. तेथे संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण गुरुकुल पद्धतीची जोड देऊन एकाच छत्राखाली दिले जाते. मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आणि २००३ मध्ये सुरू झालेली नाट्यकलेची अकादमी हे स्वतंत्र विभाग आहेत. तथापि संगीत व नाट्य हे वेगळे अभ्यासक्रम असल्याने गायनाच्या विद्यार्थ्याला भूमिका आणि अभिनयाच्या विद्यार्थ्याला रागज्ञान सहसा आपापल्या प्रयत्नांनी मिळवावे लागते. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांतही शास्त्रीय गायन, सुगम गायन आणि एकांकिका यांच्या स्पर्धा वेगवेगळ्या असतात.

सोलापूर

मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषांचा शेजार लाभलेल्या सोलापूरने संगीत रंगभूमीला फैयाज यांच्यासारखी गायिका-अभिनेत्री दिली. त्यांची ‘कट्यार काळजात घुसली’मधील झरीनाची भूमिका गाजली. २०१५ मध्ये बेळगाव येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. शहरात हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या सोलापूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्यापुरते आहे. त्यामुळे विद्यापीठ, महाविद्यालये आणि नाट्यगृह यांच्यात फारसे अंतर नाही. विद्यार्थ्यांनी बसविलेले संगीत नाटक गावकऱ्यांपर्यंत नेण्यास अशी रचना अनुकूल ठरते.

महत्त्व

नाट्यपदे मैफलीत, स्पर्धांत आणि ध्वनिमुद्रिकांत टिकून आहेत. मात्र पद सुटे गाणे आणि तेच पद भूमिकेत गाणे यांत फरक आहे. संवाद, हालचाल, साथ आणि प्रेक्षक यांच्यासह पद गाण्याची विद्या संपूर्ण प्रयोगातूनच पुढच्या पिढीकडे जाते. म्हणून संगीत नाटकाचे जतन हे संहिता व चाली यांच्या जतनाइतकेच त्यांच्या शिक्षणव्यवस्थेवरही अवलंबून आहे.